मातीच्या पापण्या

डोळ्याची खोबण सात हाडांची असते. परिचारिकेच्या शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी मी ते इंग्रजीत पाठ केलं आणि अजूनही कोणी झोपेतून उठवून विचारलं तर सांगेन. वर्गात एक खरी कवटी होती. शिकवणाऱ्या सिस्टर ती मांडीवर घेऊन बसायच्या, घरी आई नारळ सोलायला घेऊन बसायची तशी. प्रत्येकीने खोबणीत बोट घालून भिंती ओळखायच्या. वरची कपाळाची, बाहेरची जाड, खालची गालाकडे उतरणारी, आणि नाकाच्या बाजूची इतकी पातळ की कवटी खिडकीकडे धरली तर हाडातून उजेड यायचा. माझ्या शेजारची मुलगी बोट घालताना तोंड फिरवायची. मला काही वाटलं नाही. मी मनात म्हटलं, बा करतो तसंच तर आहे.

बा म्हणजे माझे वडील. बेटाच्या पठारावर, कार्तिए मिलितेर गावाच्या पलीकडे, उसाच्या मळ्यांना लागून आमचं गाव. बा इस्टेटीत ऊसतोडीला जायचा आणि चतुर्थी जवळ आली की संध्याकाळी गणपती करायचा. पिढ्यांमागे समुद्र ओलांडून ऊसतोडीला आलेल्या आमच्या गावातल्या मराठी घरांचे सगळे गणपती त्याच्याच हातचे. मूर्ती विकत आणायची रीत आमच्याकडे तेव्हा नव्हती. नदीकाठची माती आणायची, खडे वेचायचे, मळायची आणि ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायची. ऊसतोडीचा हंगाम आणि चतुर्थी एकाच सुमारास येत, त्यामुळे बा दिवसभर ऊस तोडून आल्यावर व्हरांड्यात बसून सोंडा वळायचा. आई म्हणायची, ह्या माणसाला देवाने चार हात द्यायचे ते चुकून गणपतीला दिले.

डोळे करायची त्याची पद्धत मी लहानपणापासून पाहिली होती. आधी अंगठ्याने दाबून खळगा करायचा. त्यात मातीची गोळी बसवायची. मग मातीची बारीक वळी करून वरची पापणी, आणि तिच्याहून बारीक वळीची खालची. शिकायला लागल्यावर मी त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगू लागले. पापणीची कातडी अंगातली सगळ्यात पातळ, म्हणून तिथे जाड वळी शोभत नाही. पापणीच्या आत एक कडक पट्टी असते, कॉलरमधल्या बकरमसारखी, म्हणून ती चुरगळत नाही. आणि डोळ्याचा गोळा तो करतो तेवढा मोठा नसतोच. खोबण भरलेली असते ती चरबीने.

"मग गणपतीला काय चरबी कमी हाय?" बा म्हणाला आणि गोळी होती तेवढीच ठेवली.

मूर्ती वाळल्या, रंगल्या, की डोळे रंगवायचे राहत. ते चतुर्थीच्या दिवशी पहाटे. तोवर प्रत्येक मूर्तीच्या तोंडावर फडकं. बा मूर्तीच्या बाजूला बसून डोळे रंगवायचा, पुन्हा फडकं टाकायचा, मग समोर येऊन बसायचा आणि फडकं उचलायचा. मूर्तीची पहिली नजर डोळे रंगवणाऱ्यावर पडली पाहिजे, ही रीत. त्या वेळी व्हरांड्यात आम्ही कोणी जायचं नाही.

दुसरी एक रीत होती, आणि सगळं घडलं ते तिच्यापायी. मूर्तीचे डोळे काढणारा माणूस अव्यंग हवा. त्याच्या अंगातून काही काढून टाकलेलं नको. गणपती पूर्वी आजोबा करायचे. साखरेच्या गिरणीत त्यांचं एक बोट गेलं आणि त्याच वर्षी त्यांनी ओलं पोतं बाच्या हवाली केलं. खंडित मूर्ती पुजत नाहीत, तसा खंडित माणूस मूर्तीला डोळे देत नाही. आजोबांकडून बाकडे गेलं, बाकडून त्याच्या मुलाकडे जायचं. पण मुलगा नव्हता. मी एकटीच. कोणी विचारलं की तुझ्यामागं कोण करणार, तर बा म्हणायचा, "नू गेते." बघू या. आमच्या बेटावर ह्या दोन शब्दांवर माणसं आयुष्य काढतात.

माझ्या शिक्षणाचं दुसरं वर्ष होतं. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. ऊसतोड ऐन भरात होती. बा तोडलेला ऊस उचलायला वाकला आणि आडव्या पडलेल्या एका कांड्याचं टोक त्याच्या डाव्या डोळ्यात घुसलं. त्याने डोक्याचं फडकं सोडून डोळ्यावर बांधलं आणि मोळी खांद्यावर टाकली. ती गाडीत चढवून मगच तो मुकादमाकडे गेला. हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. त्याला विचारलं तर तो म्हणाला, हातातली मोळी काय खाली टाकायची?

मी ज्या इस्पितळात शिकत होते तिथेच त्याला आणलं. मला निरोप आला तेव्हा मी दुसऱ्या वॉर्डात चादरी बदलत होते. हातातली चादर घालून, कोपरे दुमडून मी खाली गेले. डॉक्टरांनी टाके घातले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं, कारण माझ्या अंगावर गणवेश होता. ह्या डोळ्याची दृष्टी गेली, ती परत येणार नाही, असं ते म्हणाले. तो डोळा दोन आठवड्यांच्या आत काढून टाकायला हवा. ठेवला, तर चांगला डोळाही सुजून जाऊ शकतो. जातोच असं नाही, पण गेला तर फार थोडं हाती राहतं.

हे मला माहीत होतं. पुस्तकात त्याला सहानुभूतीने येणारी सूज म्हणतात. परीक्षेत ह्या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते. असा आजार शोधून त्याला सहानुभूती नाव देणाऱ्याला एकदा भेटावं असं मला तेव्हा वाटलं. बाकी काही वाटलं नाही. रडणं नाही, भीती नाही. ऑपरेशनच्या आधी पापणीत सुई देतात, मग टोचलं तरी कळत नाही, फक्त दाब कळतो. मला दाब कळत होता.

मी बाला सगळं समजावून सांगितलं. डोळ्याला सहा स्नायू धरून असतात, मागून एक देठ असतो, ते सोडवून गोळा बाहेर काढतात. पापण्या तशाच राहतात. त्याने नीट ऐकून घेतलं. पट्टीबाहेरचा एक डोळा माझ्याकडे लावून तो विचारत होता, जणू गवंड्याकडून भिंतीची माहिती घेतो आहे.

"मग त्या सा दोऱ्या काय करतात मागनं?"

"आतच राहतात. त्यांना शिवतात."

"आन् खड्डा?"

"त्यात काचेचा डोळा बसवतात."

"कोरेक, ठीक हाय," बा म्हणाला. "गणपती झाल्यावर काढू."

मी म्हटलं, गणपतीला महिन्याहून जास्त आहे. दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे.

"फुटलेला चालतो, बाय. काढलेला नाय चालत. जागेवर हाय तवर मी आख्खा हाय."

"आणि दुसरा गेला तर?"

"नू गेते."

डॉक्टरांनी त्याला बेटाच्या क्रेओल बोलीत समजावलं, मग आवाज चढवून समजावलं. बा उठून उभा राहिला, कारण मोठा माणूस बोलत असताना तो बसून ऐकत नसे, आणि उभ्यानेच नाही म्हणाला. आईला मी म्हटलं, तू तरी सांग. आई म्हणाली, "माझं कधी ऐकलंन ते आज ऐकंल?" आणि त्याचे कपडे पिशवीत भरायला लागली. बसमध्ये ती दोघं शेजारी बसली तेव्हा बाच्या डाव्या बाजूला आई होती. त्याला ती दिसावी म्हणून उठून उजवीकडे गेली. मी बसच्या बाहेर उभी होते. बस निघाली, मी वॉर्डात परत गेले आणि उरलेल्या चादरी घातल्या.

ते आठवडे कसे गेले असं विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही. सुट्टीच्या दिवशी घरी जायचं, चिमटीत बॅटरी धरून चांगल्या डोळ्यात उजेड मारायचा, बाहुली आकसते का बघायचं. आकसायची. बुबुळाभोवती लाली आहे का बघायचं. नसायची. बाच्या डाव्या खोबणीत डोळा हळूहळू बसत चालला होता, पापणी आत ओढली जाऊन घडी पडली होती. मी घडी बघायचे आणि म्हणायचे, ठीक आहे. तो विचारायचा, आज माती घट्ट मळली गेली का बघ. मी माती बघायचे आणि म्हणायचे, ठीक आहे. गावातल्या कुणालाही तो खंडित वाटला नाही. पट्टी होती, पट्टीखाली डोळा होता, हिशेब जुळत होता.

चतुर्थीच्या पहाटे पठारावरच्या पावसाची बारीक, थंड पिरपिर चालू होती. मी आतल्या खोलीत जागी होते. व्हरांड्यातून बाने हाक मारली, "बाय, हिकडं ये." ह्या वेळी त्याने मला कधीच बोलावलं नव्हतं. बाहेर गेले तर मूर्ती रांगेने मांडलेल्या, कंदील लावलेला, आणि बा पहिल्या मूर्तीच्या बाजूला कुंचला धरून बसलेला. कुंचल्याचं टोक मूर्तीच्या चेहऱ्यापासून बोटभर अलीकडे, हवेत. त्याने ते पुढे नेलं आणि गचकन पापणीवर आपटलं. पापणीवर काळा डाग आधीच एक होता, हा दुसरा.

मी वर्गात शिकलेली गोष्ट मला तेव्हा आठवली. अंतर कळायला दोन डोळे लागतात. एका डोळ्याला रंग कळतो, आकार कळतो, पण वस्तू किती लांब आहे ते नीट कळत नाही. सुई ओवताना कळतं, पायरी उतरताना कळतं. बा महिनाभर माती हातानेच घडवत होता, अंगाचे रंगही बोटाने आणि चिंधीने देत होता, म्हणून त्याला ते कळलं नव्हतं. हाताला डोळा लागत नाही. कुंचल्याला लागतो.

"किती लांब हाय गं?" त्याने विचारलं. आवाजात काही नव्हतं, पाणी गरम झालं का विचारावं तसं.

मी मूर्तीच्या दुसऱ्या बाजूला बसले, ओल्या कापडाने डाग पुसले आणि माझ्या बोटाचं टोक मूर्तीच्या वरच्या पापणीवर ठेवलं. त्याने आपली करंगळी माझ्या नखाला टेकवली, तिच्या आधाराने कुंचला खाली आणला आणि बुबुळ काढलं. नीट आलं. मग दुसरा डोळा. मग पुढची मूर्ती. माझं बोट गारठलं, पुढेपुढे तर मातीचा स्पर्शही कळेना, फक्त त्याची करंगळी टेकली की दाब कळायचा. उजाडायच्या आत सगळे झाले. मग मी आत गेले आणि त्याने एकट्याने समोर बसून फडकी उचलली.

विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी तो सें पिएरला बस बदलून स्वतः इस्पितळात आला, हातात मोदकांचा डबा घेऊन. मोदक डॉक्टरांना दिले आणि म्हणाला, आता काढा.

ऑपरेशन पूर्ण भूल न देता सुईवरच झालं. मी शिकाऊ होते तरी मला डोक्याशी उभं राहू दिलं. मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. सहा स्नायू एकेक करून सुटले, शेवटी देठ. मी मनात नावं म्हणत होते, इंग्रजीत, क्रमाने. माझी नावं डॉक्टरांच्या कात्रीच्या किंचित पुढे चालली होती.

"काढला?" बाने विचारलं. त्याला कळलं नव्हतं.

"काढला."

"दाखीव."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काढलेला डोळा ठेवलेली बाटली उचलून त्याच्या उजव्या डोळ्यापुढे धरली. माणसं अशा वेळी काय म्हणत असतील मला माहीत नाही. बाने बराच वेळ बघितलं.

"ल्हान हाय," तो म्हणाला. "तू सांगत हुतीस."

काचेचे डोळे एका सपाट पेटीतून येत, कप्प्याकप्प्यांत, बहुतेक निळे आणि करडे. आमच्या लोकांसाठी थोडे तपकिरी असत, ते लवकर संपत. बा पेटीत वाकून म्हणाला, निळाच बसवा, इस्टेटीचा साहेब वाटेन. शेवटी एक तपकिरी बसला, उजव्याहून थोडा फिका. पापणी त्यावर सवयीने उघडझाप करू लागली. आणि पाणीही यायचं. अश्रूंची गाठ खोबणीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात असते, डोळा काढला तरी ती तिथेच राहते. काचेवरून पाणी ओघळलं की बा पुसायचा आणि म्हणायचा, ह्याला कोणी सांगितलं न्हाय वाटतं.

पुढच्या वर्षी माती आली, त्याने मूर्ती केल्या, गोळ्या लहान केल्या, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुंचला माझ्या हातात दिला. गावातल्या एकदोघांनी कुरकुर केली, पोरीच्या जातीने डोळे काढायचे? बा म्हणाला, "तिचं समदं जागच्या जागी हाय. मी खंडित. ती आख्खी." कुरकुर थांबली. कुंचला हातात घेऊन मी उभी होते आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं की हे गेल्या वर्षीच करता आलं असतं. डोळा वेळेवर काढून घ्यायचा आणि कुंचला मला द्यायचा. मी तिथेच होते, त्याच्या खाटेपाशी, सात हाडं आणि सहा स्नायू पाठ असलेली, सगळे अवयव जागच्या जागी. मुलगा नाही एवढंच सगळ्यांना दिसत होतं. त्यालाही, आईलाही, मलाही. हे कुणाला म्हणून सांगणार?

त्या वर्षापासून डोळे मी काढायचे. पहिली नजर माझ्यावर पडायची. बा त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसायचा, दार लोटून. आपल्यासारख्या खंडित माणसावर नव्या देवाची नजर पडू नये म्हणायचा. मूर्ती त्याच्या, आणि त्यांच्यापासून लपून बसायचा तो. मी फडकं उचलायचे, मूर्ती माझ्याकडे बघायची, मी मूर्तीकडे बघायचे. मला काही वाटायचं नाही. दोन्ही डोळे सारखे आलेत ना, एवढंच तपासायचे.

उजवा डोळा बिघडायला लागला तो आणखी दोन-तीन वर्षांनी. आधी उजेड सहन होईना, मग डोळ्यापुढे काळे ठिपके, मग बुबुळाभोवती ती लाली. पुस्तकात होती तशीच. औषधं दिली, सूज उतरली. पुन्हा आली, पुन्हा उतरली, आणि दर खेपेला जाताना थोडी दृष्टी घेऊन गेली. तोवर मी नोकरीत कायम झाले होते, लग्न होऊन बेटावरच्याच फिनिक्स गावाला राहत होते, सुट्टीला बसने येऊन थेंब घालत होते. ऐंशीचं दशक अर्धं सरलं तेव्हा त्याला फक्त उजेड आणि काळोख कळत होता. त्याने ऐकलं असतं तर, असं आईदेखील कधी म्हणाली नाही. ती आता त्याच्या कुठल्याही बाजूला बसायची.

माती मात्र तो करत राहिला. अंगठ्याने खळगा, त्यात लहान गोळी, वरची पापणी, खालची. हाताला डोळा लागत नाही.

मग एका चतुर्थीच्या पहाटे मी डोळे काढले, पुन्हा फडकी टाकली आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं. बाचा हात धरला. चहा देणार असेल असं समजून तो उठून आला. मी त्याला पहिल्या मूर्तीसमोर पाटावर बसवलं, स्वतः त्याच्या मागे बसले आणि त्याच्या खांद्यावरून हात घालून फडकं उचललं. फडक्याचा आवाज त्याला ओळखीचा होता. तो ताठ झाला.

"म्होरं कोण बसलंय?"

"तूच."

तो उठायला गेला. मी खांद्यावर हात ठेवला. फार जोर दिला नाही, आणि तो पुन्हा बसला. पाऊस पत्र्यावर टिपटिपत होता. त्याने सदऱ्याचं वरचं बटण चाचपून लावलं.

"बघतोय का माझ्याकडं?"

"बघतोय, बा."

"दोनी डोळ्यांनी?"

"दोन्ही डोळ्यांनी."

फिक्या काचेवरून पाणी आलं, आणि ह्या वेळी त्याने ते पुसलं नाही. आणि मला वाटलं. त्या चादरींपासून, त्या बाटलीपासून जे जे वाटायचं राहून गेलं होतं ते सगळं एकदम वाटलं, आणि ते सोसवेना. अश्रू आधी आतल्या कोपऱ्यातल्या नळीने नाकात उतरतात, म्हणून माझं नाकच आधी वाहू लागलं. मी ते बाहीला पुसलं, पाट धरून त्याला पुढच्या मूर्तीसमोर सरकवलं आणि तिच्यावरचं फडकं उचललं.